बंदी क्लबवर होती

सर, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुमच्या नावाची फुटबॉल स्पर्धा आता दरवर्षी होते, आणि बॅनरवरच्या फोटोत तुम्ही हसताय, जे जिवंतपणी आम्हाला फारसं बघायला मिळालं नाही. काल मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी गेलो, शाल-नारळ घेतला, ‘सरांनी आम्हाला घडवलं’ असं म्हणालो आणि खाली बसलो. माइक हातात असला की खोटं बोलायला अजिबात जड जात नाही. जे म्हणायचं होतं ते इथे लिहितोय.

नव्वदनंतरची ती वर्षं. मीरा रोडला इमारती उठत होत्या आणि आपण मुर्धा गावाजवळ बंद पडलेल्या मिठागराच्या सपाटीवर खेळायचो. पडलं की ढोपर मिठानं चरचरायचं. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात, आपल्याकडे बुटांची व्हायची. चौरंगावर बूट, फुटबॉल, हवा भरायचा पंप, झेंडूची माळ, आणि शेजारच्या ताटात आमच्या प्रत्येकाचा सही केलेला कोरा नोंदणी फॉर्म. तुम्ही हळदकुंकू वाहायचात आणि फॉर्म उचलून कपाटात ठेवायचात. पुढच्या मोसमात आम्ही कुणाकडून खेळायचं, हे तिथेच ठरून जायचं. बावीस-बावीस वर्षांच्या घोड्यांना यात काही गैर वाटत नव्हतं. आम्ही वर तुम्हाला सोनं देऊन पाया पडायचो. करारपत्रही होतं म्हणा, एका पानाचं. खेळाडू क्लबला बांधील राहील, हे त्यात तीनदा लिहिलं होतं. क्लब खेळाडूला खेळवेल, हे एकदाही नाही.

मग तुम्ही जखमी गोलकीपरच्या जागी त्याच्या भावाला त्याच्याच नावानं उतरवलंत. समोरच्या संघानं तक्रार केली आणि असोसिएशननं क्लबवर दोन मोसमांची बंदी घातली. सभा घेऊन तुम्ही झापलंत आम्हालाच: आमच्यात एकी नाही, बातमी आमच्यातूनच फुटली. चोराच्या उलट्या बोंबा. आणि ज्या क्लबला मैदानात पाय ठेवायची मुभा नव्हती, त्याच्याच नावानं तुम्ही आमचे कोरे फॉर्म भरून पाठवून दिलेत.

मला त्या वेळी एका कंपनीच्या संघानं विचारलं होतं. त्यांच्याकडून खेळायचं आणि नोकरी कायम. आईनं शेजारी पेढे वाटूनही टाकले होते. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत जुन्या क्लबमधून मोकळा झाल्याचा कागद आणायचा. मी केबिन रोडला तुमच्या घरी येतो. तुम्ही जेवताय. मी दारातच उभा.

“सर, एक सही हवी होती.”

“कसली?”

“मला सोडल्याची. दोन वर्षं नुसता बसून काय करू?”

“प्रॅक्टिस कर. घरात कुणी आजारी पडलं की तू घर बदलतोस का रे?”

काकू आतून म्हणतात, “अहो, द्या ना त्याला.” तुम्ही ताक मागता. मी चपला घालतो.

असोसिएशनच्या कचेरीतला शिपाई मुर्ध्याचा होता. त्यानं नियमांची फाइल काढून माझ्यासमोर धरली. “बंदी क्लबवर हाय, तुज्यावर न्हाय. साधा अर्ज दे, सुटशील. तुज्या सरांना म्हायती हाय, त्यांनी सोता येऊन वाचलाय.” पण तोवर मुदत उलटून गेली होती, कंपनीनं दुसरा खेळाडू घेतला होता.

मी पुढे भाईंदरलाच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात चिकटलो. मशीनच्या आवाजानं डावा कान अधू झाला. तुमचा राग येतो असं म्हणणार होतो, पण राग यायलाही माणूस तेवढ्या मापाचा लागतो. तुम्हाला फुटबॉलही बेताचाच कळायचा. नियम ठाऊक असून खेळाडूंपासून लपवणारा कसला गुरू? तुम्ही कोंडवाड्याचे राखणदार होतात, आणि गुरं गळ्यातल्या दोरीला नमस्कार करतात म्हणून खूश असायचात. मला तुमची किळस येते, सर. काल तुमच्या फोटोला हार घालतानाही येत होती.

हे पत्र तुमच्या मुलाला द्यावं असं मनात आलं होतं. देणार नाही. तीस वर्षं मी सगळ्यांना जे सांगत आलो, तेच वर तुम्हालाही लिहिलंय, आणि त्यातली एक गोष्ट खोटी आहे. शिपायानं नियम दाखवला तेव्हा मुदत संपलेली नव्हती, चार दिवस बाकी होते. अर्ज मी त्याच्याच टेबलाशी बसून लिहिला, पण दिला कधीच नाही. तो म्हणाला, आत्ताच दे. मी म्हटलं, उद्या देतो, आधी सरांना विचारून येतो. तुमच्या दारात उभा राहून मी सही मागत होतो, तेव्हा तो अर्ज माझ्या खिशात होता.