चिठ्ठीवरचा नंबर

५ फेब्रुवारी

ट्रिम्बल नावाच्या कैद्याला कोर्टातून पाठवलेला लिफाफा परत आला! वर पिवळी पट्टी — 'इथे नाही.' आत न्यायाधीशांचा हुकूम: एकवीस दिवसांत फॉर्म भरून पाठव, नाहीतर दावा जाईल. आणि ज्याला पाठवायचा तोच नाही. मिस कार्लीन म्हणाली, "आलं का परत तुझं कबूतर?" मीही हसले. साहेबीण आहे ती माझी.

ट्रिम्बलचा नागरी हक्कांचा दावा आहे. वकील नाही, स्वतःच लढतोय. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात त्याला आठ तास खुर्चीला आवळून ठेवलं. डावा हात तेव्हापासून बधिर. डावखुरा माणूस! म्हणून उजव्याने लिहितो, मोठमोठी वाकडी अक्षरं. अलाबामाच्या या कोर्टात एकोणीस वर्षं कारकून म्हणून फाइलींना कागद लावतेय, असं अक्षर दुसरं पाहिलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज तेच अक्षर. पत्ता बदलल्याची चिठ्ठी! आता राज्याच्या तुरुंगात आहे. पण वर नंबर त्याच्या दुसऱ्याच दाव्याचा — तुरुंगात पत्रं फोडतात, त्याबद्दलचा. खुर्चीच्या दाव्याचा नंबर नाहीच. त्याला वाटलं असणार, कोर्ट एक, मी एक, एकदा कळवलं की झालं.

मिस कार्लीनला विचारलं.

"अगं, ज्या नंबरची चिठ्ठी त्या नंबरची फाइल. आपण काय त्याचे वकील आहोत?"

"पण तो कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे ना."

"आपल्याला काही माहीत नसतं, व्हर्लीन. आपण शिक्का मारतो."

मारला. शिक्का मारलेल्या चिठ्ठीची एक प्रत त्याला नव्या पत्त्यावर पाठवली. तसा नियमच आहे.

२१ फेब्रुवारी

खुर्चीच्या दाव्यात नवा हुकूम: दावा का काढून टाकू नये, कारणे दाखवा. गेला जुन्याच पत्त्यावर. लिफाफा मीच चिकटवला.

४ मार्च

परत आला. दुपारी तळलेला मासा खाल्ला. खारट होता.

१९ मार्च

दावा काढून टाकला. पुढे चालवला नाही म्हणून. दीड पान. शेवटी लिहिलंय, पुन्हा दाखल करायला मोकळीक आहे. मोकळीक! खुर्चीच्या त्या दिवसाला नऊ तारखेला दोन वर्षं झाली. दोन वर्षांनंतर दाखल केलेला दावा मुदतीबाहेर. म्हणजे संपलंच.

घरी येऊन स्वच्छ होती ती भांडीसुद्धा घासली. लाज वाटते. रागही येतो — त्याच्यावरसुद्धा! दोन नंबर लिहायला काय झालं होतं?

२६ मार्च

त्याचं पत्र. निकाल त्याला कळायच्या आधीच टाकलेलं.

"मॅडम, तुमच्या शिक्क्याची प्रत मिळाली. नीट मिळाली हे दिसावं म्हणून सोबत परत जोडतोय. कोर्टाला माझा पत्ता कळला, आता निवांत वाट बघतो. हात तसाच आहे."

सोबत माझाच शिक्का. १२ फेब्रुवारी. 'कारणे दाखवा'च्या नऊ दिवस आधीचा.

जोडलेल्या प्रतीवर तोच दुसरा नंबर, पण पत्रावर नंबर कुठलाच नाही! दोनदा उलटून पाहिलं. बिननंबरी कागद कुठल्या फाइलला लावायचा, ते मात्र कारकून ठरवते.

खुर्चीच्या दाव्याला लावला आणि न्यायाधीशांच्या टेबलावर पाठवला; काढलेला दावा पुन्हा उघडायचा अधिकार त्यांनाच. मिस कार्लीनला विचारलं नाही.