मूठ तीच, नळी नवी

१२ ऑगस्ट, मंगळवार

हाताच्या डॉक्टरने निकाल लावला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. ऑपरेशन टळेल, पण नेमबाजीचं पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल बंद. कायमचं. एवढा धक्का हाताला नको. मी विचारलं, महिन्यातून एकदा? तो म्हणाला, "मिसेस पाटील, चहाचा कप कुठल्या हाताने उचलता?"

डाव्या हाताने शिकेन की. ओठांवर आलं होतं, गिळलं.

माधव ड्राइव्ह करत होता. हायवे सोडल्यावर एवढंच म्हणाला, "मग टीमचं काय?" नवरा शहाणा आहे. दुखतं तिथेच बोट ठेवतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

रेंजवर डेलशी बोलले. इथल्या अमेरिकन क्लबच्या टीमचा कॅप्टन, ताडमाड, शब्द जपून वापरणारा. टीममध्ये चौघं. त्यात बाई मी एकटी, कोल्हापूरची तर एकटीच. मोठ्या बोअरची जागा दुसऱ्याला द्यावी लागणार म्हणाला. ते कळत होतंच. पण बावीसच्या पिस्तुलाची जागा रिकामी होतेय, म्हातारा हँक मुलीकडे राहायला चाललाय. त्या जागेवर क्लबातल्या लिंडाचाही डोळा आहे. लिंडा नेमाला पक्की आणि माणूस म्हणूनही बरी, मॅचला केळ्याचा ब्रेड करून आणते. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मॅच. जिचा स्कोअर जास्त, तिची जागा.

माझ्याकडे बावीसचं पिस्तूलच नाही, ही गोष्ट वेगळी.

१७ ऑगस्ट

नवं पिस्तूल घ्यायचं नाही, ठरलं. या जुन्या पिस्तुलाची मूठ मी अक्रोडाच्या लाकडाची, कानशीने घासून घासून तळहाताला बसवलीय. दोन उन्हाळे गेले त्यात. चाप किती दाबला की सुटतो ते बोटाला पाठ आहे. ते टाकून परकी मूठ धरू? त्यापेक्षा कन्व्हर्शन किट. खालचं अंग तेच, मूठ तीच, चाप तोच. वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि गोळ्यांचं मॅगझिन एवढं बदललं की पंचेचाळीसचं बावीस होतं.

जेवताना माधवला समजावलं. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टिचकी बसते, ते सेंटरफायर. बावीसच्या काडतुसाला कडेला बसते, ते रिमफायर. आमटी भुरकत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे धड तुझंच, डोकं दुसऱ्याचं. गणपतीच की."

हसून ठसका लागला. किटचं नाव गणपती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

खोका आला, दारात. उद्या चतुर्थी. माधव सजावटीची थर्मोकोलची कमान चिकटवत होता, म्हणाला, "तुझे एक दिवस आधीच आले." स्लाइड हलकी, ॲल्युमिनियमची. माझ्या पिस्तुलाच्या खालच्या अंगावर पहिल्या झटक्यात बसली नाही, दुसऱ्यात खटकन बसली. मूठ धरली आणि डोळे मिटले. तेच पिस्तूल. फक्त नाकाकडून हलकं.

लेकीला, रेवाला व्हिडिओ कॉल केला. रेडमंडला पाऊस होता, ती बसची वाट बघत उभी. "सो आई, यू बॉट अ गन फॉर युअर गन?" म्हटलं, होय बाई. मग म्हणाली, "ओके, बट इज युअर थम ओके?" पोरगी गुणाची आहे, उगाच लाडावलेली म्हणतात लोक.

३१ ऑगस्ट, रविवार

दिवस वाया. दर तीन-चार गोळ्यांनी अडकतंय. रिकामं काडतूस बाहेर पडायचं सोडून स्लाइडच्या तोंडात उभं राहतं, दारात पाय अडकवून उभ्या राहिलेल्या विक्रेत्यासारखं. डेल शेजारच्या लेनमधून बघत होता. "टॉय टॉप," एवढंच म्हणाला. खेळण्यातलं डोकं.

मी म्हटलं, गोळ्या खराब आहेत. म्हटलं आणि स्वतःच ऐकलं. नाचता येईना अंगण वाकडं. आई असती तर हेच म्हणाली असती.

६ सप्टेंबर, शनिवार

अंगणच वाकडं होतं. मॅचसाठी सगळे मंद गोळ्या वापरतात, त्यांना या किटची स्लाइड पुरती मागे ढकलवत नाही. वेगवान गोळ्या भरल्या आणि धाडधाड चाललं, एकही अडकली नाही. डेलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "हं" म्हणून घेतलं. आज विसर्जन होतं, घरी जाऊन मोदक खाल्ले चार.

पण हाताचं वेगळंच दुखणं. वर्षानुवर्षं मोठ्या धक्क्याची सवय. हात अजून त्या धक्क्याची वाट बघतो, गोळी सुटायच्या आधीच मूठ आवळतो, आणि धक्का येतो चिमटीएवढा. गोळ्या सगळ्या खाली डावीकडे. हाताला सांगावं लागतंय, बाबा, आता कोणी मारणार नाही.

१३ सप्टेंबर

सकाळी भिंतीवरच्या ठिपक्यावर कोरडा सराव करायची सवय. रिकामं पिस्तूल, नेम, चाप. रिमफायरला ते चालत नाही, आतली सुई नळीच्या कडेवर आपटते आणि कड ठेचते. म्हणून सकाळी जुनं डोकं चढवते, कोरडा सराव करते, रेंजवर जाताना गणपती चढवते. मूठ तीच असल्यामुळे एका सरावाचा फायदा दोघांना. हे त्या वेगळं पिस्तूल घेणाऱ्यांना जमायचं नाही. लिंडाकडे वेगळं आहे. असो, मनातलं मनात.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजचा टार्गेट कागद फ्रिजवर लावलाय. दहा गोळ्या, एक सोडून सगळ्या मधल्या काळ्या गोलात. अठ्ठावन्नाव्या वर्षी, या अंगठ्यावर. डेलने कागद हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. "नॉट अ टॉय," म्हणाला. मी थँक यू म्हटलं, सभ्यपणे. गाडीत बसल्यावर मात्र स्टिअरिंगवर ताल धरला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

माधवच्या वडिलांचं इचलकरंजीला लेथचं दुकान होतं. खंडेनवमीला मशिनी बंद, हळदकुंकू, कोणी हात लावायचा नाही. तो इथेही दरवर्षी मांडतो, लॅपटॉप, ड्रिल, माझी स्क्रूड्रायव्हरची पेटी. पिस्तुलाला मात्र आजवर कधी हात लावला नाही, बघायचाही नाही तिकडे. आज सकाळी आपणहून म्हणाला, "तुझं ते पण दे."

मीच ठेवलं पाटावर. क्लबच्या नियमाने, मॅगझिन काढलेलं, स्लाइड मागे उघडी, नळीत रिकाम्या पिस्तुलाची खूण म्हणून केशरी झेंडा. त्याने हळदकुंकू वाहिलं, परसातला झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. हात जोडून बराच वेळ उभा राहिला. काय बोलला मनात, विचारलं नाही. मला भरून आलं. लिहायला काय लाज.

२ ऑक्टोबर, दसरा

पिस्तूल उचललं. कुंकू स्लाइडभर. नळी, स्लाइड, मॅगझिन सगळं खोलून ब्रशने साफ केलं. खालचं अंग नुसतं पुसलं, ते खोलायची वेळ कधी येत नाही.

संध्याकाळी मंडळी येऊन गेली. इथे आपटा नाही, रेडबड नावाच्या झाडाची तशीच दिसणारी पानं वाटतो. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. दोन पानं पिस्तुलाच्या बॅगेत ठेवली, डेल आणि लिंडासाठी.

४ ऑक्टोबर, शनिवार

क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

संथ फेरी झकास. लिंडाच्या बरोबरीने. मग मध्यम फेरी, पाच-पाच गोळ्यांची. दुसऱ्या पाचात दुसऱ्याच गोळीला चाप दाबला आणि नुसतं टिक. सुटलीच नाही. पिस्तूल खाली धरून दुसरा हात वर केला. रेंज ऑफिसर आला. गोळी काढली, कडेवर सुईचा ठसा हलका, घोड्याचा मार पुरा बसला नव्हता. त्याने पिस्तूल तिरकं करून टिचकी मारली. घोड्यापुढच्या फटीतून एक लाल दाणा त्याच्या तळहातावर पडला.

"मॅम, इज धिस राइस?"

होय. लाल का? कुंकवामुळे. कुंकू म्हणजे? म्हटलं, ब्लेस्ड राइस. त्याने तो दाणा छोट्या झिप पिशवीत टाकला, जन्मात पहिल्यांदा तांदूळ पाहिल्यासारखा.

ते पाच परत मारायची परवानगी मिळाली. मारले. मग जलद फेरी, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. हात शांत, एकदाही मूठ आवळली नाही. चार गुणांनी लिंडाच्या पुढे. डेलने पाठीवर थाप मारली, जवळपास पडलेच.

मग लिंडा आली, खाली बघत. तिची तक्रार: पिस्तुलाचा दोष असेल तर परत मारता येतं, नेमबाजाचा हलगर्जीपणा असेल तर नाही. तांदूळ हा पिस्तुलाचा दोष कसा? नियम बरोबर आहे. मी असते तर मीही विचारलं असतं. ते पाच बाद झाले तर जागा तिची. गुरुवारी कमिटी बसणार.

पानं बॅगेतच राहिली.

५ ऑक्टोबर, रविवार

काल मॅचनंतर घ्यायला आला तेव्हा गाडीतच बोलले माधवला. जास्तच बोलले. सात वर्षांत एकदा हात लावलास आणि हे, असलं काहीतरी. आज सकाळी चहा देताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी नको मांडायला." त्या वाक्याने जे झालं ते कालच्या टिक आवाजानेही झालं नव्हतं.

दुपारी डेलचा फोन. सल्ला दिला त्याने, चांगल्या मनाने. म्हण की तो किटच्या पॅकिंगचा तुकडा होता, कारखान्यातून राहिला. मग दोष किटचा, पाच गोळ्या वैध. पिशवी नीट बघणार कोण?

म्हटलं नाही, डेल. माझ्या नवऱ्याने हात जोडून वाहिलेली अक्षता मी कारखान्याचा कचरा म्हणून सांगू? जागा गेली तर गेली. तो म्हणाला, "यू पीपल आर समथिंग." शिवी होती की कौतुक, कळलं नाही. कौतुक धरून चालते.

माधव स्वयंपाकघरातून ऐकत होता. भेंडी चिरायची थांबली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कमिटी. तीन माणसं, फोल्डिंगचं टेबल, मधे ती पिशवी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथे तर शीतही नाही, कच्चा तांदूळ, आणि परीक्षा माझी.

मी खरं सांगितलं. पूजा घरी झाली. वरचं अंग मी साफ केलं, खालचं खोललं नाही, तेवढी चूक माझी. बसले.

माधव इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बोलावलं नव्हतं, मागच्या खुर्चीवरून उभा राहिला. इंग्रजी त्याचं ऑफिसात फाडफाड, इथे अडखळला. म्हणाला, माझ्या वडिलांच्या दुकानात वर्षातून एक दिवस मशिनी विश्रांती घ्यायच्या आणि आम्ही त्यांचे आभार मानायचो. माझ्या बायकोच्या हाताला मोठं पिस्तूल झेपत नाही. हे छोटं झेपतं. मी त्याचे आभार मानत होतो. तांदूळ मी टाकला, तिने नाही.

मी टेबलाकडे बघत राहिले. वर बघितलं असतं तर रडले असते, आणि लिंडासमोर नाही.

लिंडानेच विचारलं, "सगळ्या हत्यारांची करता? किचन नाइफची पण?" माधव म्हणाला, "मिक्सरची पण." कोणीतरी हसलं. निर्णय उद्या फोनवर. निघताना माधवने अध्यक्षांना विचारलं, तो दाणा परत मिळेल का? त्यांनी पिशवी दिली.

पार्किंगमध्ये लिंडाला पान दिलं. सुकून चुरगळलं होतं. सोनं म्हणजे काय ते सांगितलं. तिने नीट पर्समध्ये ठेवलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फोन अजून नाही. माधवने चार्जर दोनदा तपासला. रेवाचे मेसेज चालूच, "एनी न्यूज??"

सकाळी जुनं डोकं चढवून ठिपक्यावर सराव केला. माधव दारात उभा राहून बघत होता, पहिल्यांदाच. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मांडायचं. उघड्या तोंडावर फडका टाकू, मग किती अक्षता वाहायच्या त्या वाहा. तो म्हणाला, "आणि फडका विसरला तर?"

म्हटलं, खालचं अंग खोलायला शिकवते तुला. ये इकडे.

रिकामं असल्याची खात्री करून पिस्तूल त्याच्या हातात दिलं. माझ्या मापाची मूठ त्याच्या पंजात बसत नव्हती, तरी नीट धरली. पिना काढायला शिकवल्या. एक खाली पडली, गालिच्यावर दोघं गुडघ्यावर बसून शोधली.

दाणा देव्हाऱ्यात आहे, पिशवीसकट. फोन नाही अजून.