नाल्याकडचा कोपरा आणि त्यातले वाल

मी, दत्तात्रेय मोरेश्वर लेले, वय ७६, निवृत्त शिक्षक, राहणार निडी, तालुका रोहा, आज पोटभर वालाचं बिरडं खाऊन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही आग्रहाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी हेमांगी हिच्या. तिच्यानंतर मुलगा ध्रुव याच्या.

२. शेत ध्रुवचे, नाल्याकडचा चार गुंठ्यांचा कोपरा सोडून. तो सगुणा रघू म्हात्रे यांना. आमच्या शेतात त्या तीस वर्षे राबल्या आहेत. ध्रुवला तिथे भराव घालून गाड्यांसाठी जागा करायची आहे. "बाबा, त्या रोगट मातीचं करायचंय काय?" असे तो विचारतो. उत्तर इथे देतो.

३. त्या मातीत सूत्रकृमी आहेत. डोळ्यांना न दिसणारे हे किडे मुळांत शिरून गाठी आणतात. कडधान्याच्या मुळावर गाठी म्हणजे जमिनीला फुकटचे खत, हे मी जन्मभर वर्गात शिकवले. म्हणून कोपऱ्यातली गाठाळ मुळांची वालाची झाडेच मी तीन वर्षे बियाण्याला ठेवली. सगुणा म्हणाल्या, "गुरुजी, चांगली गाठ चोळली की गळते. ही नाय गळत. झाड आजारी हाय."

"आता तू मला शिकवणार?" म्हणून मी शेंगा खुडणाऱ्या सगळ्या बायांसमोर हसलो.

चौथ्या वर्षी कोपरा पिवळा पडला. एकच झाड हिरवे राहिले. त्याच्या शेंगा सगुणांनी ओच्यात बांधून नेल्या, झाड उपटून मला दाखवले. मुळे स्वच्छ होती. आज आम्ही खातो ते वाल त्याच झाडाचे.

४. बियाण्याचा पत्र्याचा डबा सगुणांचा. अट एकच: दर वर्षी थोडे बी त्याच कोपऱ्यात पेरावे आणि स्वच्छ मुळांच्या झाडांचेच बी पुढे धरावे. निरोगी मातीत सगळेच वाल शहाणे दिसतात. म्हणून भराव घालू नये.

५. त्या हसण्याची परतफेड राहिली आहे. हे वाचताना त्याच बायांना बोलवावे, कलम तीन ध्रुवने मोठ्याने वाचावे आणि सगुणांनी हवे तितके हसावे.

६. हे सगळे सगुणांना सांगितले, तर म्हणाल्या, "मरायचं मागनं बघू, गुरुजी. कोपरा पेरायचा हाय. उठा." तेव्हा सही करून शेतावर जातो.

दत्तात्रेय मोरेश्वर लेले

साक्षीदार, दोघांसमक्ष सही झाली:
साईराज पाटील, निडी
चंद्रावती ठाकूर, निडी (त्या दिवशी मीपण हसलेले.)

निडी, १४ नोव्हेंबर २०२४