यादीतलं अकरावं नाव

प्रिय चिमे,

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बोलायला लागले तर अर्ध्यावर गप्प बसेन, म्हणून लिहिते आहे. आमच्या विभागाचं शनिवार-रविवारचं गणित संमेलन काल संपलं. पाहुण्यांची व्यवस्था नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. पाहुणे एकतीस, अतिथिगृहात खोल्या बावीस. दोन प्राध्यापक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तिसऱ्याच्या घोरण्याची तक्रार गेल्या वर्षीच्या फाइलला लागलेली. एवढी मोठी डोकी, पण जाताना खोलीची किल्ली परत द्यायचं एकाच्याही लक्षात राहत नाही.

एरवी हे सगळं तुला हसत सांगितलं असतं. पण यादीतलं अकरावं नाव वाचलं आणि यादी तशीच मिटून ठेवली. तुझे सर. आठ वर्षांपूर्वी आमच्याच सभागृहात तू फळ्यावर सिद्धता मांडत होतीस, आणि पहिल्या रांगेतून उठून ते म्हणाले होते की चौथी पायरीच चुकली आहे, पुढचं ऐकण्यात अर्थ नाही. तू खडू खाली ठेवलास तो कायमचाच. नंतरचे महिने मी विसरलेले नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, ताट भरलेलंच परत यायचं, आणि आई दाराशी उभी राहून मला खुणेनं विचारायची, काही बोलली का.

गुडघे धरलेत म्हणून सरांनी तळमजल्यावरची खोली मागितली होती. लिफ्ट बंद आहे हे ठाऊक असूनही मी त्यांना तिसरा मजला दिला. शुक्रवारी सकाळी स्वतःचीच लाज वाटली, मग बदलून दिली. पण त्यांना आणायला स्टेशनवर दुसऱ्या कुणाला पाठवलं, आणि नोंदणीच्या टेबलावर मी बसते तिथे ग्रंथालयातल्या बाईंना बसवलं. तुला वाटेल, रागानं. मीही स्वतःला तेच सांगत होते.

शनिवारी दुपारी काठी टेकत ते ऑफिसात आलेच. दारावरच्या पाटीवर आपलं आडनाव वाचून आले होते. फार म्हातारे झालेत गं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हळूच विचारलं, "तिला माझं पत्र मिळालं होतं ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

काल समारोपाला ते उठून फळ्याजवळ गेले. मी मागच्या रांगेत होते, मांडीवर परत घेतलेल्या बिल्ल्यांचा डबा. त्यांनी तुझं नाव घेतलं, पूर्ण नाव, आणि म्हणाले की चौथी पायरी बरोबर होती. आपण घाईनं पाहिलं, चूक दोन वर्षांनी कळली. तेव्हा तिची पत्रानं माफी मागितली, परत ये, काम पुढे ने असं लिहिलं. पण चारचौघांत केलेली चूक चारचौघांत कबूल करायला आणखी सहा वर्षं लागली. तिनं उत्तर दिलं नाही, तो तिचा हक्क आहे. सभागृहात कुजबुज झाली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, माणसानं इतकंही ताणू नये. तुझ्याबद्दल म्हणाल्या त्या, चिमे. मला ते सोसलं नाही. मी कधी उठले कळलं नाही, डबा खाली पडला आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"तिला पत्र मिळालंच नाही. ते माझ्याकडे आहे."

विभागप्रमुख जमिनीकडे बघत राहिले. सर मधल्या वाटेनं सावकाश माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता हे रागावणार. त्यांनी एवढंच विचारलं, आता तरी द्याल का.

पत्र तुझ्या नावानं विभागाच्या पत्त्यावर आलं होतं, तुला द्यायला म्हणून माझ्या हाती आलं. तुला शाळेत नोकरीला लागून महिना झाला होता, त्याच आठवड्यात तू पहिल्यांदा खळखळून हसली होतीस. ही पुन्हा मोडेल, असं मी मनाला सांगितलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. आईनं नुकतंच अंथरूण धरलं होतं. तू गेली असतीस तर सगळं मला एकटीला करावं लागलं असतं, आणि मला ते नको होतं. मी पाकीट फोडून वाचलं. गणित कळलं नाही, बाकी सगळं कळलं. आई गेल्यावर द्यायला हवं होतं, पण तेव्हा आधी का दिलं नाहीस याला उत्तर नव्हतं. पत्र सोबत ठेवलं आहे. सरांची खोली मी पुढच्या रविवारपर्यंत वाढवून घेतली आहे, ते थांबतो म्हणालेत. तू ये किंवा येऊ नकोस, त्यांच्याशी बोल, माझ्याशी बोलूही नकोस. तुझ्या वतीनं मी एकदा ठरवलं, आता ठरवणार नाही.

तुझीच, तुझ्यासमोर उभं राहायला धजत नसलेली,
ताई