तक्रार नसलेला रोगी

आबा, सांगलीच्या त्या डॉक्टरांविषयी मी रोजवहीत पुष्कळ लिहून ठेवलं आहे आणि त्यात सगळा दोष त्यांचाच आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. काल ती पानं पुन्हा वाचली आणि वाटलं, ही तुमच्यासमोर वाचायची माझी हिंमत झाली नसती.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी बी.ए. होऊन सांगलीच्या शाळेत नुकताच लागलो होतो. इकडे साताऱ्याजवळ आपल्या गावी तुमचं पोट दोन महिने दुखत होतं. जेवण अर्ध्यावर आलं होतं. सुट्टीत आलो तेव्हा परसात तुम्हाला काळी उलटी झालेली मी पाहिली. "आयला सांगू नगं," एवढंच म्हणालात. मग मीच तुम्हाला सांगलीला घेऊन गेलो. ते डॉक्टर पहिल्या लढाईत तुमच्यासारखेच पलटणीबरोबर होते, म्हणून तर तुम्ही तयार झालात. दवाखान्यात जायचं म्हणून तुम्ही घोटून दाढी केलीत, फेटा नव्याने बांधलात, कोटावर पदकं लावलीत. आजारी माणूस घरी राहिला आणि सुभेदार तेवढे दवाखान्यात आले.

डॉक्टर तुम्हाला बघून उठतात. तुम्ही टाचा जुळवून सलाम करता. "काय सुभेदार, कसं काय?" "ठीक हाय सायेब. पोट जरा कुरकुरतंय." लगेच खुर्ची येते, चहा येतो, पहिल्या लढाईतल्या बसऱ्याच्या गोष्टी निघतात. बाकावर कृष्णाकाठचा एक शेतकरी पोट धरून वाकलेला आहे. "आवं डाक्टर, लय कळ येतीया. हात तरी लावून बघा की." डॉक्टर त्याच्याकडे वळतही नाहीत. "ओरडून आजार मोठा होत नाही. हे सुभेदार बघा, तुझ्यापेक्षा वयानं मोठे. कसे ताठ बसलेत." तो म्हणतो, "त्यास्नी दुखत नसंल, म्हून बसल्यात." सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि हसता हसता तुमचा हात कोटाखाली पोटावर गेला. तो मी पाहिला. डॉक्टर तेव्हा त्या शेतकऱ्याची चिठ्ठी लिहीत होते. त्या दिवशी दोघांनाही एकच पांढरं औषध मिळालं. तो ओरडला म्हणून त्याच्या पोटाला हात लागला नाही, तुम्ही गप्प बसलात म्हणून तुमच्या. त्याचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

टांग्यात मी चिडून विचारलं, "आबा, खरं का नाही सांगितलंत?" "सायबाम्होरं रडायचं व्हय? पलटणीत आजारी म्हून नाव दिलं की कामचुकार म्हनत्यात. मी सवता म्हनलोय, कैक जवानांस्नी." मग तुम्ही रस्त्याकडे बघू लागलात. त्यातल्या कुणाची आठवण येत होती का, हे विचारायला हवं होतं.

आपण आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा खुर्ची आणि चहा. पुढच्या महिन्यात तुम्ही आम्हाला सोडून गेलात. "शेवटपर्यंत कुरकुर केली नाही," असं डॉक्टर म्हणाले, आणि हे मी कितीतरी वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आलो. वेळेवर कळलं असतं तर तुम्ही वाचला असता का? बहुधा नाही. पण या 'बहुधा'चा आधार घ्यायचीही मला लाज वाटते.

कारण तिसऱ्या खेपेला तुम्ही बाहेर टांग्याशी उभे होतात आणि डॉक्टरांनी मला दारात थांबवलं. असा बाप मिळायला भाग्य लागतं, म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, "मास्तर, घरी काही वेगळं दिसलं का? उलटी वगैरे?" तुम्ही फक्त आईला सांगू नको म्हणाला होतात. मी म्हणालो, "नाही, काही नाही."

वहीत हे कुठेच नाही. हा कागदही मी तिच्यात ठेवणार नाही.