तापाच्या आधी पेटलेली चूल

२१ मे १९५७

गुरुराज आज पहिला घास हातात धरूनच बोलत बसला. मद्रासच्या गाडीवर गार्ड आहे तो, आमच्या चिकपेटातल्या खानावळीचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, "अक्का, मद्रासेत कसलासा ताप आलाय. बंदरातून शिरला म्हणतात. घरंच्या घरं आडवी!"

गाडी रोज तिथून इथं येते. तापाला काय तिकीट लागतं?

२२ मे

ह्यांना सांगितलं. "गार्डाच्या गप्पा!" म्हणून हे कुशीवर वळले. सासूबाई तर अंगावरच आल्या. "भरल्या घरात तापाचं नाव काढू नकोस, मालन. वास्तू तथास्तु म्हणते!"

म्हणू दे. मी तांदूळ भरून ठेवणार.

२५ मे

तांदूळ, गूळ, सुंठ, मिरी आली. सरपण परसात रचलं. ताटंवाट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. पंगतीत खांद्याला खांदा लावून कुणाला बसवायचं नाही.

आणि मुख्य म्हणजे — मीच पडले तर? चूल बंद पडता कामा नये. म्हणून भांडी घासणाऱ्या कानडी गंगव्वाला मोठ्या पातेल्याचा भात शिकवायला घेतला. पहिल्याच दिवशी तळाला करपवला. वर हसते! "स्वल्प जास्तच करपला हं, अक्का!"

२९ मे

आज नको ते झालं. भगवंतराव जेवायला आले. आमच्या इथल्या मराठी समाजाचे वडीलधारे, त्यांच्या शब्दावर चिकपेटात लग्नं ठरतात. खोकत होते, नाक वाहत होतं. मी हात जोडून म्हटलं, "काका, आज बाहेर ओट्यावर पान वाढते. आतल्या लोकांना नको लागायला."

काका उसळले. "मला बाहेर बसवतेस? मी काय विटाळलोय?" पानाला हात न लावता उठून गेले. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साधी सर्दीच असेल त्यांची. पण मला कसं कळावं?

१ जून

गल्लीत बोलतात, माझ्याच खानावळीत रोग आहे म्हणे! "नाहीतर ताटं कशाला उकळेल?"

५ जून

पंगतीत मोजून चार माणसं. बाकीचे समोर शेषगिरीच्या हॉटेलात जातात. जाताना तोंड फिरवतात. हळदीकुंकवालाही बोलावणं आलं नाही. हे म्हणाले, "आता तरी पुरे कर." मी परसात जाऊन रडले. मग आत येऊन ताटं उकळली.

खरं लिहायचं तर — ताप येऊ नये असं रोज देवाला सांगते. पण आलाच नाही, तर मी जन्मभराची वेडी. मनाच्या कुठल्या कोपऱ्यात "येऊ दे" म्हटलं का मी? शी! कसली ही इच्छा.

१३ जून

आला.

१५ जून

एकेक दुकान बंद. शेषगिरीचे आचारी झाडून सगळे आजारी, हॉटेलाला कुलूप. गल्लीत माणूस दिसत नाही, नुसतं खोकणं ऐकू येतं. घरोघरी बाईच पडली आहे, मग पाणी कोण तापवणार, पेज कोण करणार?

मी! सकाळी दोन पातेली पेज चढवली. हे बादली घेऊन उभे. "कुणाकडे आधी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "भगवंतरावांकडे. त्यांच्याकडे सातही माणसं अंथरुणात आहेत. उंबऱ्यावर ठेवायची, कडी वाजवायची, मागं सरायचं." हे तोंडाला पंचा बांधून निघाले. माझा नवरा! पहिल्यांदा माझं ऐकून!

१७ जून

अंग दुखतंय.

२२ जून

मीच पडले होते. ताप असा की छत खाली येतंय वाटायचं. आज उठून भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले, तर गंगव्वा पदर खोचून पळी फिरवतेय! चूल एक वेळही थंड पडली नाही. भात मोकळा, पेज बेताची, सुंठ माझ्या हातापेक्षा बरी. "सरी आहे का, अक्का? बरोबर जमलं ना?" असं विचारलं तिनं. मी तिच्या गळ्यातच पडले.

गल्लीत एकही घर उपाशी राहिलं नाही. पुन्हा लिहिते — एकही नाही!

२६ जून

भगवंतराव आले. वाळून अर्धे झालेत. मी म्हटलं, "आत या, काका." ते ओट्यावरच टेकले. "अजून खोकला आहे. इथंच वाढ." पान चाटूनपुसून जेवले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "समाजाच्या बैठकीला येत जा, मालनबाई. पुढच्या वेळी आधी तुला विचारू."

बायकांना आजवर त्या बैठकीची पायरी माहीत नव्हती. मी येते म्हटलं. लगेच!

३० जून

सासूबाई आज सकाळच्या बसनं देवनहळ्ळीला गेल्या, भावाच्या गावी. एकट्या! तिकडे अजून ताप पोचलेला नाही. पिशवीत सुंठ, मिरी. ह्यांनी अडवलं, तेव्हा म्हणाल्या, "अठरा सालच्या मानमोडीच्या तापात मला आधी कळलं होतं. तेव्हाही लोक हसले, अभद्र बोलते म्हणाले. मी गप्प बसले. थोरली लेक गेली माझी."

थोरली? ह्यांनी धरलेली पिशवी सोडली. आपणच थोरले, असं त्यांना आजवर वाटत होतं.

मी म्हटलं, "तापाचं सांगितलंत तर तिकडेही हसतील, सासूबाई."

"हसू देत," म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.