आखूड नळी

श्रावणी सोमवार, १९७८

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाकडं येणार.

दुपारी पाटलाचा पुतण्या रझाकारांच्या वेळची रायफल घोंगडीत गुंडाळून माझ्या भट्टीवर आला. नळीवर खडूची खूण केलेली. "इथून काप, लोहारा. घोंगडीखाली मावली पायजे."

मला वाटलं, लोखंडाचा गुण सांगितला तर ऐकेल. म्हणालो, "मालक, नळी लांब असली की दारूचा जोर गोळीला जास्त वेळ रेटतो. आखूड केली की वेग जातो. लांबचं डुक्कर पडायचं न्हाई."

तो हसला. "डुक्कर कोण मारायलंय? किसन्याच्या दारात दहा पावलांवर उभा राहीन. तेवढ्याला तो वेग लय झाला."

किसन बौद्धवाड्यातला. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चात गेला, एवढाच गुन्हा. आणि मी या पुतण्याला काय शिकवत बसलो होतो?

ती खडूची खूण डोळ्यांपुढून हलेना. महादेवाचं नाव घेतलं, नळी भट्टीत लाल केली आणि नेमकी खुणेवरच घणाने चपटी केली. पुतण्याने माझा उजवा पंजा ऐरणीवर दाबला आणि तोच घण घातला. बोटांची हाडं मोडताना ऐकू आली.

संध्याकाळी किसन हळद घेऊन धावत आला. "मामा, कुणी केलं?"

सगळं सांगितलं. "बायकापोरं घे, आत्ताच चुडाव्याच्या स्टेशनावरनं गाडी धर."

"रायफल तर तुमी मोडली की."

"दहा पावलांवर कुऱ्हाड पुरते, बाबा. त्या घरच्या कुऱ्हाडींना धार मीच लावलीय."